रात्रभर ठेवलं की प्रॉडक्ट गायब: समुद्री बॅक्टेरियाची साखर जोडणारी एन्झाइम वापरताना

प्रश्न असा आहे: एमएस्सी बायोटेकच्या प्रोजेक्टमध्ये लॅक्टोजवर सायलिक ॲसिड जोडायचंय, गाइडने फोटोबॅक्टेरियम नावाच्या समुद्री बॅक्टेरियाचं सायलिलट्रान्सफरेज, म्हणजे सायलिक ॲसिड जोडणारं एन्झाइम, दिलंय, तासाभरात टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ पट्टीवर वेगळे करून दाखवणारी थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) प्रॉडक्टचा मस्त स्पॉट येतो पण रात्रभर ठेवून सकाळी बघितलं तर त्यातला अर्धाही उरलेला नसतो, असं का होतं? शिवाय माणसाचं एन्झाइम असताना समुद्रातल्या बॅक्टेरियाचं का घ्यायचं, आणि याचा लॅबच्या बाहेर खरोखर काही उपयोग आहे का?

आधी गायब होण्याचं सांगतो कारण बाकीच्या सगळ्याची चावी तिथेच आहे. कंटॅमिनेशन नसणार बहुतेक, गाइडने एन्झाइम जुनं दिलंय असंही नाही. तुमचं एन्झाइम स्वतःच जोडलेलं सायलिक ॲसिड परत काढतंय. ही त्या एन्झाइमची खोड आहे आणि ज्या गुणासाठी आपण ते वापरतो त्याचीच ती दुसरी बाजू आहे. या एन्झाइमने साखर जोडणं फार सोपं असतं, जोडलेली टिकवणं हे खरं काम.

आता जरा मागे जाऊ. समुद्री बॅक्टेरिया आणि साखर म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात अगार किंवा कॅराजीनन कापणारी एन्झाइम येतात, अगारेज वगैरे. ती वेगळी जमात, ती पाण्याच्या मदतीने साखळी तोडतात. आपण बोलतोय ते ग्लायकोसिलट्रान्सफरेजबद्दल, म्हणजे एका ठिकाणची साखर उचलून दुसऱ्यावर बसवणारी. यांना नुसती साखर चालत नाही, न्यूक्लिओटाइडला बांधलेली लागते, जसं यूडीपी-गॅलॅक्टोज, जीडीपी-फ्यूकोज. हे न्यूक्लिओटाइडचं प्रकरण शोधून काढलं अर्जेंटिनाच्या लुईस लेलोआर यांनी आणि त्यासाठी त्यांना १९७० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, म्हणून अजूनही लोक यांना लेलोआर एन्झाइम म्हणतात. सायलिक ॲसिडचा डोनर, म्हणजे साखर देणारा रेणू, मात्र थोडा विचित्र आहे, त्यात साखर सीएमपी या न्यूक्लिओटाइडला बांधलेली असते, म्हणजे डायफॉस्फेट नाही, एकच फॉस्फेट. पुढे फॉस्फेटेजचा विषय येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

सायलिक ॲसिड म्हणजे नऊ कार्बनची, कार्बॉक्सिल असलेली, शरीराच्या पीएचला निगेटिव्ह चार्ज घेऊन बसलेली साखर. गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गाईगुरांच्या लाळग्रंथीच्या म्युसिनमधून ती वेगळी केली. आपल्या पेशींवर आणि रक्तातल्या प्रोटीनवर ज्या साखरेच्या साखळ्या असतात त्यांच्या अगदी टोकाला ही बसते, आणि टोकाला असल्यामुळे बाहेरून जो कोणी येतो त्याची पहिली गाठ हिच्याशीच पडते. इन्फ्लूएन्झा व्हायरस हिलाच पकडतो. माणसांत पसरणारे फ्लूचे व्हायरस अल्फा २,६ जोडणी (सायलिक ॲसिडचा २ नंबरचा कार्बन गॅलॅक्टोजच्या ६ नंबरच्या जागी जोडलेला) पसंत करतात आणि पक्ष्यांतले अल्फा २,३, म्हणजे तीच साखर, तोच शेजारचा गॅलॅक्टोज, फक्त कुठल्या हायड्रॉक्सिलवर जोडली त्यावरून व्हायरस कोणाला धरणार हे बऱ्याच अंशी ठरतं. रक्तातल्या प्रोटीनचंही तसंच, टोकाचं सायलिक ॲसिड गळालं की खालचा गॅलॅक्टोज उघडा पडतो, लिव्हरमधला एक रिसेप्टर तो ओळखतो आणि प्रोटीन रक्तातून उचलून नेतो. किडनीच्या पेशंटला देतात ते एरिथ्रोपोएटिन घ्या, सायलिक ॲसिड काढून टाकलेलं एरिथ्रोपोएटिन टेस्ट ट्यूबमध्ये उत्तम काम करतं पण शरीरात टिकतच नाही. डार्बेपोएटिन नावाचं जे पुढचं औषध आलं त्यात प्रोटीनमध्ये थोडे बदल करून साखरेच्या दोन साखळ्या वाढवल्या, सायलिक ॲसिड वाढलं आणि इंजेक्शनं लांब अंतराने देता यायला लागली.

मग केमिस्ट्रीने का नाही जोडायची, हे मला ऑरगॅनिकवाले विचारतात. जोडतात की, पण रडत जोडतात. ज्या कार्बनवर जोडायचंय तो आधीच भरलेला, त्याच्यावर कार्बॉक्सिल, शेजारच्या कार्बनवर दिशा दाखवणारा कुठलाही ग्रुप नाही, त्यामुळे अल्फा-बीटाचं मिश्रण होतं, आणि बरंच मटेरियल पाणी सोडून डबल बाँड करून वाया जातं. वर प्रोटेक्शन-डिप्रोटेक्शनच्या पायऱ्या. एन्झाइम हेच एका बफरमध्ये, एका पायरीत, फक्त अल्फा आणि तेही ठरलेल्या जागी करून देतं.

आता माणसाचं का नाही. माणसाची आणि इतर सस्तन प्राण्यांची सगळी सायलिलट्रान्सफरेज एकाच फॅमिलीतली, जीटी २९ (जीटी म्हणजे ग्लायकोसिलट्रान्सफरेज). ती गॉल्जीच्या पडद्यात अडकलेली असतात, त्यांना डायसल्फाइड बाँड लागतात, स्वतःवर साखरेच्या साखळ्या लागतात, आणि हे सगळं ई. कोलायला जमत नाही म्हणून तिथे बनवायला गेलं की बहुतेकदा इन्क्लुजन बॉडीचा, म्हणजे न विरघळणाऱ्या निकामी प्रोटीनचा, गोळा हातात येतो. एचईके या माणसाच्या पेशीत किंवा किड्यांच्या पेशीत बनतात आणि आज विकतही मिळतात, पण मायक्रोग्रॅमच्या भावात, आणि तुम्हाला हवं असतं मिलिग्रॅममध्ये. दुसरं म्हणजे माणसाची एन्झाइम फार सोवळ्यातली, ठरावीक साखळी, ठरावीक जोडणी असेल तरच हात लावणार, आणि समुद्रातली मिळेल त्याच्या पंगतीला बसणारी. फोटोबॅक्टेरियमचं एन्झाइम लॅक्टोजवर जोडतं, एन-लिंक्ड साखळीवर जोडतं, ओ-लिंक्डवर जोडतं, सेरीन-थ्रिओनीनला लागलेल्या नुसत्या एका एन-ॲसिटिलगॅलॅक्टोजअमाइनवर पण जोडतं, त्यामुळे कॅन्सरमध्ये दिसणारा सायलिल-टीएन अँटिजन बनवायला लोक तेच घेतात. इतकंच काय, आधीच फ्यूकोज लागलेल्या किंवा आधीच अल्फा २,३ सायलिक ॲसिड लागलेल्या लॅक्टोजवर सुद्धा २,६ चा आणखी एक बसवतं, जे उंदराच्या लिव्हरमधलं एन्झाइम करत नाही. डोनरच्या बाजूलाही तेवढंच उदार, सायलिक ॲसिडवर अझाइड लावा, ग्लायकोलिल लावा, बहुतेक चालतं. या अझाइडचा फायदा पुढे क्लिक केमिस्ट्रीने रंग किंवा टॅग अडकवायला होतो, म्हणून पेशींच्या पृष्ठभागावरच्या साखळ्या दाखवणारे लोक पण ही एन्झाइम वापरतात.

ही मंडळी सापडली कशी तेही गमतीशीर आहे. जपान टोबॅको, हो सिगरेट बनवणारीच कंपनी, तिथे ताकेशी यामामोतो यांच्या ग्रुपने समुद्रातून बॅक्टेरिया गोळा करून एकेकाची सायलिलट्रान्सफरेज ॲक्टिव्हिटी तपासली. १९९६ मध्ये फोटोबॅक्टेरियम डॅमसेलीच्या जेटी०१६० या स्ट्रेनचं अल्फा २,६ एन्झाइम शुद्ध करून त्यांनी छापलं, दोन वर्षांत जीनही क्लोन झाला. मग रांगच लागली, जपानी स्क्विडमधून एक, बाराकुडा माशाच्या आतड्यातून एक, त्या बाराकुडावाल्या स्ट्रेनचं नाव जेटी-आयएसएच-२२४, आणि त्यात तर २,३ वालं आणि २,६ वालं अशी दोन्ही मिळाली. तुम्हाला पेपरमध्ये जेटी-अमुक-तमुक नावं दिसतात ती ही. नावात जेटी म्हणजे जपान टोबॅको एवढं समजलं की त्या कोडचं भय जातं.

ही सगळी जीटी ८० फॅमिलीतली. त्याच फॅमिलीत पाश्च्युरेला मल्टोसिडाचं पीएमएसटी१ पण आहे, जे समुद्रातलं नाही, ही प्रजात आपल्याकडे गुरांना घटसर्प करते ती, पण एन्झाइमच्या घडणीने ती यांचीच बहीण आहे आणि तिच्यावर कॅलिफोर्नियात डेव्हिसला शी चेन यांच्या लॅबमध्ये इतकं काम झालंय की समुद्री एन्झाइम समजून घ्यायचं तर तिचं वाचावंच लागतं. बॅक्टेरियाच्या बाकीच्या फॅमिली, कॅम्पिलोबॅक्टरची जीटी ४२, नायसेरियाची जीटी ५२, पॉलिसायलिक ॲसिड बनवणारी जीटी ३८, यांच्यात गल्लत करू नका, व्हायव्हात हमखास विचारतात. जेटी-आयएसएच-२२४ च्या २,६ एन्झाइमचं क्रिस्टल स्ट्रक्चर पण उपलब्ध आहे, त्यात मुख्य भागाच्या आधी अँटिबॉडीसारखी घडी असलेला एक तुकडा दिसतो, आणि मधल्या खोबणीत सीएमपी आणि लॅक्टोज समोरासमोर बसलेले दिसतात. एक ॲस्पार्टिक ॲसिड बेसचं काम करतं. धातूचा आयन लागत नाही, हे महत्त्वाचं, कारण मग तुम्ही मॅग्नेशियम घालता ते कशासाठी असा प्रश्न येतो. ते दुसऱ्या एन्झाइमसाठी, सांगतो.

आता तुमच्या गायब होणाऱ्या स्पॉटकडे. रिअॅक्शन अशी आहे: सीएमपी-सायलिक ॲसिड अधिक लॅक्टोज, त्यातून सायलिललॅक्टोज अधिक सीएमपी. सुरुवातीला सीएमपी नसतो त्यामुळे गाडी सरळ पुढे जाते. जसजसा प्रॉडक्ट वाढतो तसतसा सीएमपीही साचत जातो, आणि मग एन्झाइम प्रॉडक्टमधलं सायलिक ॲसिड उचलून परत सीएमपीवर बसवायला लागतं, म्हणजे डोनर परत तयार. इथपर्यंत फक्त तोल साधला गेला असता, पण हेच एन्झाइम डोनरला कधीकधी लॅक्टोजऐवजी पाणी देतं, सायलिक ॲसिड पाण्यात सुटतं, आणि ते सुटलेलं परत येण्याचा रस्ता या एन्झाइमकडे नाही. उलटा रस्ता आणि पाणी, या दोन्हीमुळे रात्रभरात हळूहळू सगळं निसटत जातं. आधी लोक म्हणायचे या एन्झाइमला सायलिडेज, म्हणजे सायलिक ॲसिड कापणारी, ॲक्टिव्हिटी वेगळी आहे. व्हँकुव्हरच्या स्टीफन विदर्स यांच्या ग्रुपने २०१६ मध्ये दाखवलं की जीटी ८० वाल्यांची ही सायलिडेज आणि ट्रान्स-सायलिडेज (एकीकडचं सायलिक ॲसिड काढून दुसरीकडे लावणारी) ॲक्टिव्हिटी सीएमपीवर अवलंबून आहे, तो काढून घेतला तर एन्झाइम प्रॉडक्टकडे बघतही नाही. या एका निरीक्षणाने रोजचं काम फार सोपं केलं असं माझं मत आहे, कारण आधी सगळे एन्झाइमला दोष देऊन म्युटंट शोधत बसायचे.

म्युटंटही आहेत आणि चांगले आहेत. पीएमएसटी१ चा एम१४४डी म्हणजे १४४ व्या जागचं मेथिओनीन बदलून ॲस्पार्टिक ॲसिड केलेला, तो डोनर पाण्यात घालवण्याचं प्रमाण बरंच कमी करतो आणि त्याने सायलिल लुईस एक्ससारखी नाजूक साखळी बनवता आली. पण एम१४४डी मागवायच्या आधी घड्याळ बघा, सकाळपर्यंत रिअॅक्शन ठेवलीच कशाला? या एन्झाइमच्या बाबतीत ओव्हरनाइट ही सवय सोडून द्यायची. दर अर्ध्या तासाला टीएलसी, स्पॉट वाढायचा थांबला की तिथेच बंद. एन्झाइम जास्त घातलं की लवकर होईल हेही इथे उलटं पडतं, जास्त एन्झाइम म्हणजे परतीची गाडी पण जोरात. थोडं घाला, लक्ष ठेवा.

तुम्ही लिहिलेलं नाही पण बहुतेक तुम्ही सीएमपी-सायलिक ॲसिड विकत न घेता वन-पॉट करताय, म्हणजे सायलिक ॲसिड आणि सीटीपी (सीएमपीचंच तीन फॉस्फेटवालं रूप) घालून नायसेरिया मेनिंजायटिडिसचं सीएमपी-सायलिक ॲसिड सिंथेटेज त्याच ट्यूबमध्ये. तसं असेल तर मॅग्नेशियम त्या सिंथेटेजसाठी आहे, साधारण २० मिलिमोलर घालतात. आणि मग गायब होण्याची वेळही समजते. पाण्यात सुटलेलं सायलिक ॲसिड सीटीपी शिल्लक आहे तोपर्यंत सिंथेटेज परत डोनर करून देतं, त्यामुळे काही काळ सगळं आलबेल दिसतं, सीटीपी संपला की आधार गेला आणि प्रॉडक्ट उतरणीला लागतो. एक्सेप्टरच्या, म्हणजे ज्यावर जोडायचंय त्या लॅक्टोजच्या, सव्वा ते दीडपट सीटीपी घालायची पद्धत आहे ती याच कारणाने. आणखी सीटीपी ओतून वेळ विकत घेता येतो पण तो स्वस्त नाही.

फॉस्फेटेज घालायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. सल्ला बरोबर आहे, फॉस्फेटेज सीएमपीचं फॉस्फेट काढून सायटिडीन करतं आणि सायटिडीनला हे एन्झाइम ओळखत नाही, म्हणजे परतीचा रस्ताच बंद. पण वन-पॉटमध्ये तेच फॉस्फेटेज सुरुवातीलाच सीटीपी पण फस्त करतं आणि मग डोनरच बनत नाही! म्हणून एक तर आधी डोनर पूर्ण बनवून घ्या आणि मग सायलिलट्रान्सफरेज, लॅक्टोज आणि फॉस्फेटेज एकत्र घाला, नाहीतर तयार डोनर विकत घेऊन करा. डोनरमधलं फॉस्फेट दोन्ही बाजूंनी बांधलेलं असतं म्हणून फॉस्फेटेज त्याला हात लावत नाही, मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते हे. वासराच्या आतड्यातलं चालतं, पण उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या कोळंबीचं किंवा अंटार्क्टिकच्या बॅक्टेरियाचं घेतलं तर नंतर थोडं तापवून ते मारता येतं. मोठ्या प्रमाणावर करणारे लोक सीएमपी फेकत नाहीत, कायनेज लावून त्याचाच परत सीटीपी करतात, मग खर्चही वाचतो आणि सीएमपीही साचत नाही, पण एमएस्सीच्या प्रोजेक्टला इतकी एन्झाइम एका ट्यूबमध्ये सांभाळायला जाऊ नका.

पीएचबद्दल लोक हमखास गोंधळतात. जेटी०१६० च्या पेपरमध्ये एन्झाइमचा सगळ्यात चांगला पीएच ५ आणि तापमान ३० अंश लिहिलंय, ते वाचून विद्यार्थी ॲसिटेट बफर घेतात. पण सीएमपी-सायलिक ॲसिड आम्लात भराभर तुटतं, पीएच ५ ला एन्झाइम खूश आणि डोनर मरतोय असा प्रकार. सिंथेटेजला तर आणखी वरचा पीएच हवा. म्हणून ट्रिस बफर, पीएच ७.५ ते ८.५, एन्झाइम थोडं हळू चालेल तर चालू दे, वर आम्लाच्या बाजूला या फॅमिलीचं साखर काढायचं काम जास्त दिसतं त्यापासूनही सुटका. फोटोबॅक्टेरियम लिओग्नाथीच्या जेटी-एसएचआयझेड-१४५ स्ट्रेनचं २,६ एन्झाइम पीएच ८ लाच सगळ्यात चांगलं चालतं, नवीन प्रोजेक्ट सुरू करणाऱ्याने त्याच्याकडे आधी बघावं असं मी म्हणेन, पेपरमध्ये सगळे डॅमसेलीवालंच वापरतात म्हणून आपणही तेच हे काही कारण नाही. आणि वन-पॉटमध्ये पीएच स्वतःहून खाली येतो, कारण सीटीपीतून पायरोफॉस्फेट सुटतो आणि प्रोटॉन पण. ट्यूबमध्ये पांढरट गढूळ दिसायला लागलं तर घाबरू नका, ते मॅग्नेशियम पायरोफॉस्फेट आहे, प्रोटीन खराब झालं असं समजून फेकू नका. पीएच पेपरने बघत थोडं थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घाला. पायरोफॉस्फेटेज घातलं तर आणखी बरं.

मीठ? समुद्रातली आहेत म्हणून त्यांना मीठ लागतंच असं नाही, सहन मात्र करतात. तापमानाचं लक्ष ठेवा, ही थंड-कोमट पाण्यातली एन्झाइम आहेत, ३७ ला काम होतं पण तासन् तास ठेवण्यात अर्थ नाही, २५ ते ३० पुरे.

एन्झाइम स्वतः बनवणं अवघड नाही. मूळ बॅक्टेरिया वाढवायची गरजच नाही, आणि डॅमसेलीच्या बाबतीत वाढवूच नका, ती माशांना अल्सर करते आणि जखमेतून माणसात गेली तर फार वाईट, झपाट्याने पसरणारं इन्फेक्शन करते, बायोसेफ्टी कमिटीकडे परवानगी मागत बसण्यापेक्षा जीन सिंथेसाइझ करून घ्या. सुरुवातीची साधारण १५ अमिनो ॲसिड कापून टाका, तो भाग पडद्याकडे नेणारा सिग्नल आहे आणि ई. कोलायमध्ये उगाच त्रास देतो. पेट व्हेक्टर, ई. कोलायची बीएल२१ स्ट्रेन, आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) कमी, २० अंशाला रात्रभर, हिस टॅग आणि निकेल कॉलम. इथे ओव्हरनाइट चालेल. विरघळलेलं एन्झाइम एका लिटर कल्चरमधून दहा-दहा मिलिग्रॅमने आरामात येतं, माणसाच्या एन्झाइमवर काम केलेल्याला हे बघून रडू येईल.

कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात त्या याच बॅक्टेरियाने का, असं मागे एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. नाही, ती नॉक्टिल्युका, ती एकपेशीय पण बॅक्टेरिया नव्हे. फोटोबॅक्टेरियममधल्या काही प्रजाती चमकतात हे खरं, लिओग्नाथी तर एका छोट्या चंदेरी माशाच्या घशाजवळच्या अवयवात राहून त्याला उजेड पुरवते, आणि अशा चमकणाऱ्या बॅक्टेरियांवर गोव्याला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पूर्वी काम झालंय. झोबेल मरीन अगारवर मासळीच्या पृष्ठभागावरून स्वॅब लावला तर चमकणाऱ्या वसाहती मिळू शकतात, कोणाला आपल्या किनाऱ्यावरची सायलिलट्रान्सफरेज शोधायची असतील तर पीएचडीचा चांगला विषय आहे. पण जिनोम सिक्वेन्सिंग आता इतकं सोपं झालंय की आधी डेटाबेसमध्ये जीटी ८० शोधून मग जीन मागवावा, शेकडो प्लेटा घासत बसू नये.

आता उपयोग. सगळ्यात मोठा सध्या आईच्या दुधाचा. माणसाच्या दुधात दर लिटरला अनेक ग्रॅम अशा ऑलिगोसॅकराइड असतात ज्या बाळ पचवत नाही, त्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियांसाठी असतात आणि काही रोगजंतूंना चिकटू देत नाहीत. गाईच्या दुधात त्या फारच कमी. बेबी फूड बनवणाऱ्या कंपन्यांना म्हणूनच त्या हव्या असतात, आणि ६'-सायलिललॅक्टोज (२,६ जोडणीचा) म्हणजे तुमचाच प्रॉडक्ट त्यातला महत्त्वाचा एक. युरोपियन युनियनने २०२१ मध्ये त्याच्या सोडियम सॉल्टला नवीन खाद्यपदार्थ म्हणून मंजुरी दिली. तो ट्यूबमध्ये एन्झाइम घालून बनवणं टनावारी परवडणार नाही, तो बनतो जिवंत ई. कोलायमध्ये. फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या एरिक सामँ यांच्या ग्रुपने ही युक्ती बसवली. लॅक्टोज तोडणारा लॅकझेड काढून टाकायचा, सायलिक ॲसिड खाणारे नॅनए आणि नॅनके काढायचे, कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीचे सायलिक ॲसिड आणि त्याचा डोनर बनवणारे तीन जीन घालायचे आणि शेवटी सायलिलट्रान्सफरेज. लॅक्टोज आणि ग्लिसरॉल द्यायचं, बॅक्टेरिया सीटीपी स्वतःच करत राहतो, तुमच्या ट्यूबमधली सगळ्यात महाग गोष्ट तिथे फुकट. २०१० मध्ये त्यांनी जपानी ग्रुपबरोबर बाराकुडावाल्या जेटी-आयएसएच-२२४ चं २,६ एन्झाइम घालून ६'-सायलिललॅक्टोज बनवलं आणि त्यातही या एन्झाइमचा उदारपणा आडवा आलाच. एका लॅक्टोजवर दोन-दोन सायलिक ॲसिड बसलेला प्रॉडक्ट मिळाला, आणि वर केडीओ-लॅक्टोज मिळाला. केडीओ ही ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातली आठ कार्बनची साखर, तिचाही डोनर सीएमपीचाच, एन्झाइमला तो पेशीत पडलेला दिसला आणि त्याने तोही लॅक्टोजवर चढवून टाकला. म्हणजे बेबी फूडसाठी बनवताना कुठले उपप्रॉडक्ट येणार हे आधी बघून स्ट्रेन आणि एन्झाइमचं प्रमाण ठरवावं लागतं. त्याच स्ट्रेनचं २,३ एन्झाइम तर लॅक्टोजच्या गॅलॅक्टोजवर तर बसवतंच, शिवाय दुसऱ्या एका हायड्रॉक्सिलवर, ओ-२ वर, पण बसवतं असं दिसलंय.

दुसरा उपयोग फ्लूच्या संशोधनात, कुठला स्ट्रेन २,३ ला चिकटतो कुठला २,६ ला हे बघायला काचेवर साखळ्यांचे ठिपके लावतात, त्या साखळ्या बहुतेक अशाच एन्झाइमने बनवलेल्या असतात. बर्ड फ्लूचा एखादा नवीन व्हायरस माणसाच्या बाजूला सरकतोय का याचा पहिला अंदाज तिथे येतो.

तिसरा, अँटिबॉडी आणि इतर औषधी प्रोटीन. इथे माझं मत जरा वेगळं आहे. आयजीजी या अँटिबॉडीच्या एफसी भागात (शेपटीकडच्या) ॲस्पॅराजीन २९७ वर जी साखळी असते ती प्रोटीनच्या दोन पात्यांच्या मध्ये दडलेली असते, तिच्यावर आधी गॅलॅक्टोज लावावा लागतो, त्याला गाईच्या दुधातलं गॅलॅक्टोसिलट्रान्सफरेज आणि मँगनीज, मग सायलिक ॲसिड. अशा ठिकाणी मी माणसाचं २,६ जोडणारं एन्झाइम एसटी६गॅल१ च घेईन, महाग असलं तरी, कारण त्याचा प्रॉडक्ट सस्तन प्राण्यांच्या पेशीत बनतो तसाच असतो आणि औषध म्हणून पुढे जायचं असेल तर प्रोटीनवर नको तिथे एखादं सायलिक ॲसिड चढलेलं कोणाला परवडत नाही. समुद्री एन्झाइम ओ-लिंक्ड साखळ्यांनाही सोडत नाहीत हे इथे गैरसोयीचं. बाकी फेट्युइनसारख्या मोकळ्या साखळ्यांच्या प्रोटीनवर किंवा छोट्या ग्लायकोपेप्टाइडवर करायचं असेल तर फोटोबॅक्टेरियमच, विचारही करू नका.

शेवटी प्रॉडक्ट नक्की तुम्हाला हवा तोच आहे का हे कसं बघायचं. टीएलसीवर ॲनिसाल्डिहाइडने स्पॉट दिसेल, सायलिललॅक्टोज लॅक्टोजपेक्षा खाली राहतो, पण त्यावरून जोडणी कळत नाही. मास स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक सायलिक ॲसिडमागे २९१ वाढलेले दिसले पाहिजेत, ५८२ दिसले तर दोन चढलेत. २,३ की २,६ यासाठी फक्त २,३ कापणारं सायलिडेज मिळतं, ते घालून बघा, स्पॉट जसाच्या तसा राहिला तर २,६. प्रोटीन असेल तर लेक्टिन (ठरावीक साखरेला चिकटणारं प्रोटीन) ब्लॉट, एल्डरबेरीचं एसएनए २,६ ला आणि माकिया झाडाचं एमएएल-२ हे २,३ ला. थांबवताना तेवढंच थंड इथेनॉल घालून बर्फात ठेवा, सेंट्रिफ्यूज करून वरचं घ्या, बायोजेल पी-२ वरून पाण्याने काढा, आणि फ्रॅक्शन गोळा करताना पीएच आम्लाकडे जाऊ देऊ नका, सायलिक ॲसिडची जोडणी आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुटते. रोटरी इव्हॅपोरेटरवर गरम करून वाळवू नका, फ्रीझ ड्राय करा. आणि एन्झाइमची वायल ग्लिसरॉल घालून छोट्या छोट्या भागात उणे ८० ला ठेवा, रोज तीच वायल वितळवायची आणि परत गोठवायची असं चाललं तर दोन आठवड्यांनी परत प्रश्न घेऊन याल, तेव्हा मात्र तो सीएमपीचा नसेल.